टेरेसच्या टाकीपासून चेंबरपर्यंत: घरातले नळ, व्हॉल्व्ह, ट्रॅप आणि त्यांची कामं

नळ गळायला लागला की घरात पहिली शोधाशोध होते ती प्लंबरच्या नंबराची. त्याआधी सापडायला हवी ती पाणी बंद करायची जागा. फ्लॅटमध्ये दहा-दहा वर्षं राहिलेल्या माणसांनाही बाथरूमचा कॉक कुठला आणि किचनचा कुठला हे सांगता येत नाही, आणि कनेक्शन पाईप फुटल्यावर शेजारच्या घरात पाणी जाईपर्यंत सगळे टेरेसच्या चावीसाठी धावत असतात. म्हणून सुरुवात तिथूनच.

बंद करायच्या जागा

आपल्याकडच्या बहुतेक इमारतींत पालिकेचं पाणी आधी जमिनीखालच्या टाकीत येतं, पंपाने टेरेसच्या टाकीत चढतं आणि तिथून डाऊनटेकच्या उभ्या लाईनींतून घराघरांत उतरतं. एका फ्लॅटला अशा दोन किंवा तीन लाईनी असू शकतात: किचनच्या डक्टमधली (पाईपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीतली) एक, बाथरूमच्या डक्टमधली एक, आणि फ्लशला बोअरचं पाणी असेल तर त्याची वेगळी. एकच कॉक फिरवून सगळं घर बंद होईल अशी अपेक्षा इथेच चुकते.

एखाद्या सुट्टीच्या सकाळी हे करा:

१. घरातले आणि डक्टमधले सगळे कॉक शोधा. बाथरूमच्या भिंतीत टाईलवर फक्त मूठ दिसते तो कन्सील्ड स्टॉप कॉक. बेसिन, फ्लश टँक आणि गिझरला जोडलेले छोटे काटकोनी कॉक म्हणजे अँगल कॉक.
२. एका वेळी एकच कॉक बंद करा आणि घरभर फिरून कुठला नळ थांबला ते पाहा.
३. पर्मनंट मार्करने कॉकजवळ लिहून ठेवा: ‘किचन’, ‘मोठं बाथरूम’, ‘फ्लश’.
४. पूर्ण बंद करूनही पाणी झिरपत राहणारा कॉक लगेच बदलायच्या यादीत टाका.

उभ्या लाईनीवर दोन प्रकारचे व्हॉल्व्ह दिसतात. गोल चाकाचा गेट व्हॉल्व्ह अनेक फेरे घेऊन बंद होतो. दांड्याचा बॉल व्हॉल्व्ह पाव फेऱ्यात बंद होतो. दांडा पाईपला समांतर असला की चालू, आडवा असला की बंद. गेट व्हॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवून प्रेशर कमी करायची सवय फार पसरलेली आहे आणि ती वाईट आहे. पाण्याच्या धारेत आतली पाचर थरथरते, झिजते, आणि मग गरजेच्या वेळी तो पूर्ण बंदच होत नाही. पूर्ण उघडल्यावर अर्धा फेरा मागे घ्यावा, म्हणजे तो जाम होत नाही. कुठलाही कॉक वर्षातून दोनदा तरी बंद-चालू करावा. क्षार धरून बसलेला कॉक पान्याने जोर लावून फिरवला की दांडीच तुटते.

प्रेशरचा हिशोब

सुमारे १० मीटर उंचीच्या पाण्याने १ किलो, म्हणजे साधारण १ बार, प्रेशर मिळतं. एक मजला तीन मीटरचा धरला तर दर मजल्याला ०.३ किलो. टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर शॉवर आणि टाकीतली पाण्याची पातळी यांत जेमतेम तीन मीटर असतात, म्हणजे तिथे ०.३ किलोच्या आसपास प्रेशर असतं. अनेक रेन शॉवर आणि सिंगल लिव्हर मिक्सर नीट चालायला किमान अर्धा ते एक किलो मागतात. वरच्या मजल्यावर महाग शॉवर लावून धार रडतखडत येते त्याचं कारण हे आहे. विकत घ्यायच्या आधी बॉक्सवरचं किमान प्रेशर वाचावं. ते मिळत नसेल तर साधा मोठ्या भोकांचा शॉवर घ्यावा किंवा प्रेशर पंपाचा विचार करावा; पंप लावायचा तर सोसायटीची परवानगी आणि जुन्या पाईपांची तब्येत आधी पाहावी.

चांगली असलेली धार अचानक मंदावली तर प्रेशर शेवटी, तोंडावरची जाळी आधी. नळाच्या तोंडाशी असते ती एरेटरची जाळी. नेहमीच्या बेसिन मिक्सरवर ती बाहेरून आटे असतील तर २४ मिलिमीटरची आणि आतून आटे असतील तर २२ मिलिमीटरची असते. काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात ठेवा, सकाळी जुन्या टूथब्रशने घासा. बोअर किंवा टँकरचं पाणी असेल तर हे दर दोन-तीन महिन्यांनी करावं लागतं. फरशीचं ॲसिड मात्र नळाला लावू नका. क्रोमचा थर जातो आणि खालचं पितळ उघडं पडतं.

नळ: गळती कुठून आहे ते आधी बघा

दुकानात नाव नीट सांगता आलं तर निम्मी फेरी वाचते. भिंतीतून येणारा साधा नळ म्हणजे बिब कॉक. बादलीसाठी तोच लांब घेतला की लाँग बॉडी. बेसिनवर उभा असतो तो पिलर कॉक. सिंकवरचा फिरत्या मानेचा सिंक कॉक. एकाच कॉकला दोन तोंडं असली की टू-वे, आणि फ्लश टँकबरोबर जेट (कमोडजवळचा हाताचा फवारा) द्यायचा असेल तर तोच लागतो. गरम-गार मिसळून देतो तो वॉल मिक्सर, आणि पाणी नळाकडे की शॉवरकडे हे ठरवतो तो डायव्हर्टर.

जुन्या नळात रबराचा वॉशर दांडीच्या टोकाला असतो आणि फिरवल्यावर तो बैठकीवर दाबला जातो. पाव फेऱ्याच्या नव्या नळात सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात. वॉशर कडक होऊन चिरतो, तर चकतीवर वाळूचा कण अडकून ओरखडा पडतो. टाकी साफ केल्यावर किंवा लाईनीचं काम झाल्यावर पहिलं पाणी नेहमी बादलीच्या साध्या नळातून सोडावं, मिक्सरमधून नाही. गाळ तिकडून निघून गेला की बाकीचे नळ उघडावेत.

तोंडातून थेंब पडत असेल तर वॉशर किंवा चकती गेली. मुठीखालून पाणी येत असेल आणि तेही नळ चालू असतानाच, तर ओ-रिंग किंवा दांडीभोवतीचं पॅकिंग गेलं. नळ आणि भिंत यांच्या मधून ओल येत असेल तर आट्यांचा जोड सैल आहे. तीन वेगळे दोष, तीन वेगळे इलाज. आणि तिन्हींवर नळच बदलून द्यायचा सल्ला सर्रास मिळतो. गळती किती गंभीर आहे ते बघायचं तर नळाखाली तासभर बाटली ठेवा आणि जमलेल्या पाण्याला २४ ने गुणा.

स्पिंडल, म्हणजे आतला फिरता भाग, बदलायचा क्रम असा:

१. त्या लाईनीचा कॉक बंद करून नळ उघडा आणि पाईपमधलं पाणी जाऊ द्या.
२. बेसिनच्या भोकावर फडकं टाका. स्क्रू आत पडला तर खालचा बॉटल ट्रॅप (पाणी अडवून ठेवणारा बाटलीसारखा जोड) उघडावा लागतो.
३. मुठीवरची लाल-निळी टिकली पातळ स्क्रूड्रायव्हरने उचला, खालचा स्क्रू काढा आणि मूठ सरळ वर ओढा.
४. स्पिंडल पान्याने उलट दिशेने फिरवा. दुसऱ्या हाताने नळाचं अंग घट्ट धरा. ते धरलं नाही तर जोर भिंतीतल्या एल्बोवर, म्हणजे पाईपच्या काटकोनी जोडावर जातो, आणि तो हलला की टाईल फोडायची वेळ येते.
५. जुना स्पिंडल घेऊनच दुकानात जा. उंची, वरच्या दात्यांची संख्या आणि उघडायची दिशा, तिन्ही जुळायला हवीत. गरम आणि गार बाजूचे स्पिंडल बऱ्याच मिक्सरमध्ये उलट दिशांना उघडतात.
६. नवा घालण्याआधी आतली बैठक फडक्याने पुसा आणि कॉक क्षणभर उघडून कचरा बाहेर काढा. डोळे बाजूला ठेवा, पाणी जोरात उडतं.
७. हाताने घट्ट बसवा आणि मग पान्याने फार तर पाव फेरा.

जुन्या पद्धतीच्या नळात वॉशर बदलूनही महिन्याभरात परत थेंब सुरू झाले तर बोट घालून बैठक चाचपा. तिथे खड्डा लागत असेल तर वॉशर कितीही बदलले तरी उपयोग नाही. असा नळ काढून टाकावा.

मापं आणि आटे

अर्धा इंच हे नाव आहे; फुटपट्टीने मोजून ते सापडत नाही. अर्धा इंची नळाच्या आट्यांचा बाहेरचा व्यास जवळपास २१ मिलिमीटर भरतो. कारागीर त्यालाच चार सूत म्हणतात, कारण आठ सुतांचा एक इंच. प्लास्टिकच्या पाईपांत घोळ आणखी मोठा आहे: अर्धा इंची सीपीव्हीसी पाईप बाहेरून सुमारे १६ मिलिमीटर, तर अर्धा इंची यूपीव्हीसी सुमारे २१ मिलिमीटर. म्हणून एकाचा एल्बो दुसऱ्याला बसत नाही. दोन्ही जोडायचे तर मधे आट्यांचा जोड लागतो: एकीकडे एमटीए, म्हणजे बाहेर आटे असलेला अडॅप्टर, आणि दुसरीकडे एफटीए, म्हणजे आत आटे असलेला. नळ जिथे बसतो तिथला एल्बो पितळी आट्यांचाच घ्यावा. प्लास्टिकच्या आट्यांत पितळी नळ आवळला की एल्बोला बारीक चीर जाते. त्या दिवशी काही दिसत नाही, सहा महिन्यांनी शेजारच्या खोलीत पोपडे येतात.

गरम पाण्याची लाईन सीपीव्हीसीचीच. ती ९३ अंश सेल्सिअसपर्यंत चालते. यूपीव्हीसी फक्त गार पाण्यासाठी, उन्हाळ्यात गिझरजवळ ती मऊ पडून वाकलेली पाहायला मिळते. पाईपवर छापलेला आयएस (भारतीय मानक) क्रमांक वाचायची सवय ठेवा: सीपीव्हीसीवर आयएस १५७७८, गार पाण्याच्या यूपीव्हीसीवर आयएस ४९८५, आणि सांडपाण्याच्या एसडब्ल्यूआर पाईपवर आयएस १३५९२. या शेवटच्यात टाईप ए पावसाच्या पाण्याला आणि हवेच्या पाईपला, तर संडास-बाथरूमच्या लाईनीला टाईप बी. स्वस्तात पडतो म्हणून संडासाला टाईप ए लावलेला आढळतो. तो पातळ असतो.

टेफ्लॉन टेप आट्यांवर उजवीकडे, म्हणजे नळ आवळताना फिरतो त्याच दिशेने गुंडाळा. उलटी गुंडाळली तर आवळताना ती गोळा होऊन बाहेर येते. पहिला आटा मोकळा सोडा, टेप ताणून धरा आणि बाजारातली पातळ टेप असेल तर आठ ते दहा वेढे द्या. एकदा आवळलेला नळ सरळ दिसावा म्हणून उलट फिरवू नका. मागे घेतला की सील तुटतं. परत काढा, नवी टेप लावा, पुन्हा आवळा. सुताचा धागा आणि सफेदा लोखंडी जीआय पाईपला ठीक, प्लास्टिकच्या आट्यांना नको.

नळामागची, भिंतीचं भोक झाकणारी चकती टाईलला टेकत नसेल तर मधे एक्स्टेंशन निपल, म्हणजे लांबी वाढवणारा आट्यांचा छोटा तुकडा लागतो. निपलचा एल्बोकडचा जोड भिंतीत लपतो, म्हणून चकती लावण्याआधी पाणी सोडून पंधरा मिनिटं कोरडा टिश्यू पेपर तिथे टेकवून पाहावा. बोटाला न जाणवणारी ओल कागदावर दिसते.

सीपीव्हीसीचा जोड आणि टाईलआधीची चाचणी

पाईप काटकोनात कापा. आतला-बाहेरचा बुरा चाकूने काढा आणि टोकाला किंचित उतार द्या, नाहीतर पाईप आत सरकताना जोड चिकटवायचं सोल्यूशन पुसून काढतो. कोरड्या फडक्याने पुसा. सोल्यूशन पाईपवर भरपूर आणि फिटिंगच्या आत पातळ लावा. आत जास्त झालं तर ते साचून वाट अरुंद करतं. लगेच पाईप आत घालून पाव फेरा द्या आणि अर्धा मिनिट दाबून धरा, कारण सोडला तर तो स्वतःहून मागे सरकतो. लाईन ओली असताना जोड मारला की तो टिकत नाही. सीपीव्हीसीचं सोल्यूशन वेगळं, यूपीव्हीसीचं वेगळं. डबा उघडा राहून घट्ट झालेलं सोल्यूशन पातळ करून वापरू नये.

चोवीस तास जाऊ द्या आणि मग चाचणी घ्या. सगळी तोंडं प्लगने बंद करून लाईनीत पाणी भरायचं, हवा काढायची आणि हातपंपाने प्रेशर चढवायचं. रोजच्या प्रेशरच्या दीडपट हा हिशोब आहे, पण घरकामात सात ते दहा किलो चढवून ठेवतात. काटा काही तास जागचा हलता कामा नये. नूतनीकरणाच्या कामात एकाच गोष्टीसाठी हट्ट धरायचा असेल तर या चाचणीसाठी धरा, आणि काटा स्वतः पाहा. टाईल लावण्याआधी पाईप दिसत असताना मोजपट्टी ठेवून चारही भिंतींचे फोटो काढून ठेवा. पुढे आरसा टांगताना ड्रिल कुठे मारायचं नाही ते कळतं.

फ्लश, जेट आणि गिझर

कमोड घेताना आधी मागचा पाईप बघा. मैला भिंतीतून बाहेर जात असेल तर पी-ट्रॅपचा कमोड, जमिनीत जात असेल तर एस-ट्रॅपचा. एस-ट्रॅपमध्ये टाईल लावलेल्या भिंतीपासून भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर महत्त्वाचं: ४, ९ किंवा १२ इंच. हे मोजल्याशिवाय कमोड घेऊ नये.

फ्लश टँक दोन जागी बिघडतो. फ्लोटचा व्हॉल्व्ह बंद झाला नाही तर पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून कमोडमध्ये जात राहतं. फ्लोटचा स्क्रू फिरवून पातळी नळीच्या तोंडाखाली साधारण एक इंच आणा. तळाचा रबरी वॉशर गेला तर गळती दिसतही नाही. टाकीत खाण्याचा रंग टाका, वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर वॉशर बदला.

जेट वापरून झाल्यावर त्याचा कॉक बंद करायला घरच्यांना लावा. नुसता खटका सोडला तर नळीत चोवीस तास प्रेशर राहतं आणि नळी फुटते ती बहुधा घरात कुणी नसताना. जेट किंवा रबरी नळी बादलीत बुडवून ठेवणंही टाळा. लाईन रिकामी होताना आत पोकळी तयार होते आणि बादलीतलं घाण पाणी उलट ओढलं जाऊ शकतं. टाकीचा बॉल कॉक ओव्हरफ्लोच्या भोकाच्या वर असावा लागतो तो याच कारणाने.

साठवणीच्या गिझरच्या गार पाण्याच्या तोंडाला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. तो गरम पाणी मागे जाऊ देत नाही आणि प्रेशर ठरलेल्या मर्यादेपुढे गेलं की पाणी बाहेर सोडतो. गरम होताना त्यातून थोडं ठिबकलं तर तो काम करतोय असं समजा. ते तोंड एम-सीलने बंद करणं जिवाशी खेळ आहे.

ट्रॅप: वास आणि रोग अडवणारं पाणी

पाणी आणणाऱ्या भागांपेक्षा पाणी नेणाऱ्या भागांकडे कमी लक्ष दिलं जातं, आणि घरातल्या आरोग्याचा प्रश्न तिथेच आहे. पाईप वाकवून त्यात पाणी अडकवून ठेवायचं, म्हणजे गटारातली हवा घरात येत नाही, एवढंच ट्रॅपचं तत्त्व. अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ मध्ये इंग्लंडमध्ये वाकड्या पाईपच्या शौचकूपाचं पेटंट घेतलं, तेव्हापासून ते बदललेलं नाही. हे पाणी किमान ५० मिलिमीटर खोल असावं. २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्सची लागण ३०० हून जास्त रहिवाशांना झाली. बाथरूमच्या फरशीतले ट्रॅप सुकलेले होते आणि त्यांतून दूषित हवा घरात आली, हे तिथल्या तपासात एक मुख्य कारण म्हणून पुढे आलं.

घरात वास येत असेल तर या क्रमाने जा. न वापरलेल्या बाथरूमच्या फरशीतल्या नाहणी ट्रॅपमध्ये आधी दोन तांबे पाणी ओता. तासाभरात वास गेला तर ट्रॅप सुकला होता. गावी जाताना पाणी ओतून वर चमचाभर गोडेतेल टाकलं तर बाष्पीभवन मंदावतं. वास राहिला तर जाळी उचला. काही ट्रॅपमध्ये जाळीखाली उलटी वाटी असते. पाणी लवकर जावं म्हणून ती काढून फेकलेली असते, आणि वाटी नाही म्हणजे सीलच नाही. मग बेसिनखाली बघा: ट्रॅप नसलेली नुसती लवचिक नळी भिंतीत खुपसलेली असेल, तर तिथे बॉटल ट्रॅप बसवा आणि भिंतीजवळच्या फटीत रबरी रिंग घाला. वॉशिंग मशीनची नळी थेट पाईपमध्ये सोडली असेल तर तीही नाहणी ट्रॅपवर आणा. सगळं ठीक असूनही वरच्या मजल्यावर फ्लश झाला की तुमच्या ट्रॅपमध्ये गुडगुड आवाज येतो का? तसं असेल तर उभ्या लाईनीची हवेची वाट बंद आहे. टेरेसवरचं व्हेंटचं तोंड पाहा. ते कुणीतरी बंद केलेलं किंवा कबुतरांनी भरलेलं असतं.

किचन सिंकला बॉटल ट्रॅप लावू नये. त्याच्या अरुंद पोटात तेल आणि भाताची शितं बसतात. तिथे ४० मिलिमीटरचा पी-ट्रॅप बरा. पुढच्या आडव्या पाईपला मीटरमागे दोन ते अडीच सेंटीमीटर उतार हवा. तुंबलं तर आधी खाली बादली ठेवून ट्रॅप हाताने उघडा, धुवा, वॉशर जागेवर बसवून परत लावा. बाजारातली ड्रेन पावडर वारंवार टाकू नका. ती तापते आणि पाईप व जोडांना नुकसान करते. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर तर एकत्र कधीच नको, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

तळमजल्यावर नाहणीतून घाण पाणी वर येत असेल तर बाहेरचं चेंबर, म्हणजे सांडपाण्याच्या लाईनीवरचा झाकणाचा खड्डा, उघडून पाहा. चेंबर भरलेलं असेल तर अडथळा पुढे, रस्त्याच्या बाजूला आहे. रिकामं असेल तर तो तुमच्या आणि चेंबरच्या मधल्या पाईपमध्ये आहे. झाकण उघडल्यावर वाकून बघू नका. खोल चेंबर आणि सेप्टिक टँकमध्ये विषारी वायू साचतो आणि आत उतरलेला माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो. सुरक्षेच्या साधनांशिवाय कुणाला त्यात उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. सोसायटीने जेटिंगची गाडी बोलवावी, आणि ती येईपर्यंत वरच्या मजल्यांना त्या लाईनीत पाणी सोडू नका असं सांगावं.